रक्तातील खुणा आणि किशोरांची ग्रहणशक्ती
(व्याख्यानाची संहिता)



दहावी-बारावीचे निकाल लागले की गोंदियाच्या घराघरांत आठवडाभर एकच विषय चालतो. निकाल अपेक्षेहून कमी असेल तर दोषी कोण, हेही जणू आधीच ठरलेले असते. प्रथम मोबाइल, मग शिकवणी वर्ग, मग मित्रमंडळी आणि सरतेशेवटी मुलाची बुद्धी. अलीकडे त्यात आणखी एका विचारणेची भर पडली आहे. रक्त तपासून मुलाची बुद्धी कळते काय? कोणी लाळेच्या थेंबातून जनुके वाचून मुलाचा कल सांगण्याचे आश्वासन देतो, कोणी बोटांच्या ठशांवरून अभ्यासक्रम निवडून देतो, आणि सुशिक्षित पालकही हजारो रुपये मोजून रंगीत अहवाल घरी आणतात.

प्रश्न भाबडा नाही. जगभरच्या संशोधकांनी तो गांभीर्याने हाताळला आहे. त्याचे उत्तर मात्र दोन भागांत द्यावे लागते. बुद्धी मोजणारी रक्तचाचणी आजमितीस कोठेही अस्तित्वात नाही, हा पहिला भाग. शिकण्याच्या आड येणाऱ्या काही उणिवा मात्र रक्तात स्वच्छ वाचता येतात, त्या दूर करता येतात, आणि त्यांतील एक उणीव शाकाहारी घरांत विशेषत्वाने आढळते, हा दुसरा. पहिला भाग थोडक्यात आटोपून दुसऱ्याकडे वळणेच इष्ट.

जनुकांविषयीचे सर्वांत गाजलेले संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. सुमारे ११ लक्ष व्यक्तींची जनुके आणि त्यांनी घेतलेले शिक्षण यांची त्यात तुलना केली होती. शिक्षणाशी निगडित अशा बाराशेहून अधिक जागा सापडल्या. परंतु त्या सर्वांची गोळाबेरीज करूनही माणसामाणसांतील शैक्षणिक फरकाचा जेमतेम ११ ते १३ टक्के उलगडा झाला. शिवाय त्या व्यक्ती युरोपीय वंशाच्या होत्या. ते गणित गोंदियाच्या किंवा तिरोड्याच्या मुलाला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा त्याच्या अंगावर चढविणे होय. मेंदूतील पेशींच्या वाढीस साहाय्य करणारे एक प्रथिन रक्तातही सापडते व त्याच्या मोजमापावरही पुष्कळ लिहिले गेले आहे. पण रक्तातील हे प्रथिन बव्हंशी रक्तबिंबिकांत साठलेले असते. नमुना किती वेळ ठेवला आणि रक्त कसे गोठले यावरून आकडा बदलतो. एखाद्या मुलाविषयी निर्णय घेण्यास तो आकडा निरुपयोगी आहे. बोटांच्या ठशांबद्दल तर चर्चेचेही कारण नाही.

आता लोहाकडे वळू. रक्ताचा अहवाल म्हटला की सामान्यतः हिमोग्लोबिन पाहिले जाते. बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तिला रक्तक्षय आहे असे मानतात; मुलग्यांसाठी ही मर्यादा १५ वर्षांनंतर १३ ग्रॅम धरली जाते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली व ३१ टक्के मुलगे रक्तक्षयी आढळले. त्याआधी २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या देशव्यापी पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील ४० टक्के मुली व १८ टक्के मुलगे रक्तक्षयी ठरले होते. दोन सर्वेक्षणांत एवढी तफावत का? वयोगट वेगळे होते हे एक कारण; दुसरे असे की एकात बोटाला टोचून थेंब घेतला, तर दुसऱ्यात शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासले. बोट दाबून काढलेल्या थेंबात पेशींबाहेरील पाणी मिसळते आणि आकडा चुकतो. शिबिरे भरविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी ही बाब आहे.

परंतु हिमोग्लोबिन उत्तम असले म्हणजे सर्व आलबेल, हा समज त्याहून अधिक घातक आहे. शरीरात लोहाचा तुटवडा निर्माण झाला की उपलब्ध लोह आधी रक्ताच्या तांबड्या पेशींना पुरविले जाते. स्नायू व मेंदू यांची पाळी नंतर येते. दुष्काळात कोठारातील धान्य आधी संपते आणि ताटातील भाकर सर्वांत शेवटी घटते, तसा हा प्रकार आहे. हिमोग्लोबिन म्हणजे ताट; कोठार पाहावयाचे तर फेरिटिन नावाचे प्रथिन मोजावे लागते. निरोगी किशोरवयीन मुलात ते लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेले की कोठार रिकामे झाले असे समजावे. मेंदूला लोह हवे ते केवळ प्राणवायूसाठी नव्हे. अवधान व उत्साह यांच्याशी संबंधित डोपामिन हे द्रव्य तयार करणाऱ्या विकराचे काम लोहावाचून चालत नाही, तद्वतच मज्जातंतूंवरील आवरण घडविण्यासही लोह लागते. कुमारवयात उंची झपाट्याने वाढते, रक्ताचे एकूण प्रमाण वाढते, मुलींची मासिक पाळी सुरू होते. आणि नेमकी याच वर्षांत अभ्यासाची चढण सर्वांत उभी असते.

याचा पुरावा १९९६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील चार शाळांतील ७१६ मुलींची रक्ततपासणी झाली. त्यांपैकी ९८ मुलींत हिमोग्लोबिन योग्य असूनही लोहाचा साठा कमी आढळला. त्यांतील ८१ मुलींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करून एका गटाला लोहाच्या, तर दुसऱ्याला निव्वळ दिखाऊ गोळ्या आठ आठवडे देण्यात आल्या. लोह मिळालेल्या मुलींनी शब्द शिकण्याच्या व आठवण्याच्या चाचणीत सरस कामगिरी केली. या मुलींपैकी एकीलाही नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या शिबिरात कोणी हेरले नसते.

बाल्टिमोर दूरचे वाटत असेल, तर महाराष्ट्रातीलच एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांच्या प्रयत्नांतून अधिक लोह असलेले बाजरीचे ‘धनशक्ती’ हे वाण २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाले. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निवासी विद्यार्थ्यांवर त्याची परीक्षा घेण्यात आली. १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुला-मुलींपैकी काहींना या बाजरीची, काहींना साध्या बाजरीची भाकरी दररोज दोन वेळा दिली गेली. प्रारंभी दहापैकी चार मुलांचे फेरिटिन कमी होते. मुळात लोह कमी असलेल्या मुलांपैकी धनशक्तीची भाकरी खाणाऱ्यांत साठा भरून येण्याची शक्यता सहा महिन्यांअखेर सुमारे दीडपटीहून अधिक ठरली. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील १४० विद्यार्थ्यांच्या संगणकावर अवधान व स्मरणाच्या चाचण्याही घेतल्या होत्या, त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांची प्रतिसादाची गती अधिक सुधारली; साध्या प्रतिक्रियेच्या चाचणीत ही सुधारणा दुसऱ्या गटाच्या जवळजवळ दुप्पट होती. औषध नाही, टॉनिक नाही, नुसती भाकरी. अर्थात चाचणी प्रतिक्रियेच्या वेगाची होती, बोर्डाच्या परीक्षेची नव्हे. भाकरी खाऊन गुणपत्रिका पालटते असे त्यावरून कोणी सांगू लागल्यास ते मान्य करू नये.

गोंदिया जिल्हा बाजरीचा नाही. हा तलावांचा व धानाचा प्रदेश; १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला तेव्हाही भात व राइस मिल हीच त्याची ओळख होती आणि आजही आहे. पांढराशुभ्र होईतो पॉलिश केलेल्या तांदळात लोह अत्यल्प उरते. स्वस्त धान्य दुकानांतील तांदूळ लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ यांनी समृद्ध करण्याची घोषणा केंद्र शासनाने २०२१ साली केली आणि २०२४ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने अमलात आणली. शंभर दाण्यांमागे एक समृद्ध दाणा मिसळण्याची ती पद्धत राइस मिल चालविणाऱ्या कुटुंबांना सांगावयास नको. अनेक गृहिणींनी हा वेगळा दिसणारा दाणा प्लॅस्टिकचा समजून वेचून टाकला. आता थोडा हिशेब करून पाहावा. प्रमाणकानुसार अशा एक किलो तांदळात ब-१२ हे पाऊण ते सव्वा मायक्रोग्रॅम असावयाचे. दिवसाकाठी २०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्यास त्यातून गरजेच्या दहाव्या हिश्शाएवढेच मिळणार. तांदूळ हातभार लावतो. सगळा भार उचलत नाही.

विदर्भाच्या या पूर्व टोकाला आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. सिकलसेलचा वाहकदोष मध्य भारतात असल्याची नोंद नागपूरच्या शुक्ल व सोळंकी या वैद्यकांनी १९५८ मध्येच केली होती, आणि गोंदिया त्याच पट्ट्यात मोडतो. सिकलसेलग्रस्त किंवा थॅलेसेमियाग्रस्त मुलाचे हिमोग्लोबिन कमी असते ते लोह कमी आहे म्हणून नव्हे. तांबड्या पेशीच अकाली नष्ट होतात अथवा नीट घडत नाहीत म्हणून. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णात तर लोह आधीच अतिरिक्त साचलेले असू शकते. समृद्ध अन्नाच्या २०१८ च्या नियमांत अशा रुग्णांसाठी वेष्टनावर इशारा छापण्याची अट होती, ती याच कारणाने. सिकलसेलमध्ये मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या बंद होऊन, बाहेरून काहीही न दिसता, मुलाच्या एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो. वेदनेच्या झटक्यांमुळे शाळा बुडते ती निराळीच. जैन समाजात हा विकार विरळा असेल. परंतु मिलमधील, दुकानांतील सहकाऱ्यांची मुले याच शिबिरांच्या रांगेत उभी असतात. हिमोग्लोबिन कमी दिसले की सरसकट लोहाच्या बाटल्या वाटणे हे पुण्यकर्म नव्हे. आधी फेरिटिन, आणि शंका असल्यास सिकलसेलची चाचणी.

आता प्रस्तुत विषयाच्या गाभ्याकडे, अर्थात ब-१२ जीवनसत्त्वाकडे यावे लागेल. हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करीत नाहीत, प्राणीही तयार करीत नाहीत. ते केवळ सूक्ष्म जीवाणू घडवितात. गुरांच्या पोटातील जीवाणूंकडून ते दुधात उतरते. म्हणून शाकाहारी माणसाला त्याचा नैसर्गिक व भरवशाचा स्रोत दूध, दही, ताक व पनीर एवढाच. तुपात ते नसते, कारण ते पाण्यात विरघळणारे आहे. स्पिरुलिनासारख्या शेवाळाच्या डब्यांवर ब-१२ चे आकडे छापलेले असतात, पण त्यातील बहुतांश द्रव्य मानवी शरीराला निरुपयोगी असते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. शाकाहारी व्यक्तींना हा धोका सुमारे साडेचारपट आढळला. किशोरांपुरते बोलावयाचे तर, वर उल्लेखिलेल्या पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील ३१ टक्के मुलांत ब-१२ ची कमतरता होती. गमतीचा भाग असा की डाळी व पालेभाज्या खाणाऱ्यांत फॉलिक आम्ल भरपूर असते, आणि ते ब-१२ च्या उणिवेने होणारा रक्तक्षय झाकून टाकते. हिमोग्लोबिन उत्तम, चेहरा तेजस्वी, आणि आत मज्जातंतूंचे आवरण मात्र उपाशी. म्हणून रक्तात ब-१२ स्वतः मोजावे लागते. अधिक खात्रीसाठी होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलॉनिक आम्ल पाहतात. ब-१२ अपुरे पडले की ही द्रव्ये पुढे सरकत नाहीत आणि साचत जातात.

याचा शिकण्याशी संबंध काय? नेदरलँड्समध्ये काही कुटुंबांनी मुलांना सहा वर्षांपर्यंत दूधही वर्ज्य असलेला कडक आहार दिला होता. पुढे त्यांच्या आहारात दूध व इतर पदार्थ आले. ही मुले १० ते १६ वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेण्यात आल्या व २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या रक्तात ब-१२ अद्याप अपुरे होते त्यांची तर्कशक्ती, आकार व अवकाश यांचे आकलन आणि अल्पकालीन स्मृती इतर मुलांपेक्षा कमी भरली. मुले ७२ होती, संख्या लहान आहे, हे खरे. तरीही किशोरवयातील रक्तखूण व ग्रहणशक्ती यांचा इतका थेट संबंध दाखविणारे अभ्यास फार नाहीत.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेले काम याहून विलक्षण आहे. गर्भवतींच्या रक्ताचे नमुने तेव्हा जपून ठेवले होते. त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर, ज्या मातांत ब-१२ सर्वांत कमी होते त्यांची मुले, सर्वाधिक असलेल्यांच्या मुलांच्या तुलनेत अवधान टिकविण्यात व आकडे उलट क्रमाने म्हणून दाखविण्यात मागे पडलेली दिसली. सर्वसाधारण बुद्धिमापनात मात्र फरक नव्हता. म्हैसूरच्या पाचशेहून अधिक मुलांच्या अशाच अभ्यासात २०१० साली मातेच्या ब-१२ चा संबंध आढळलाच नाही, फॉलिक आम्लाचा आढळला. विज्ञान असेच अडखळत चालते. सोयीचा तेवढा निष्कर्ष उचलणे योग्य नव्हे. पुण्याच्या गटाने मग निरीक्षणापाशी न थांबता प्रयोग केला. त्या मातांची मुले-मुली कुमारवयात आल्यावर २०१२ पासून त्यांना दररोज दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे केवळ आहारातील गरजेएवढे ब-१२ देण्यास आरंभ झाला. त्यांतील मुलींचे विवाह झाले, त्यांना अपत्ये झाली. ती अपत्ये दोन वर्षांची असता झालेल्या तपासणीत, केवळ ब-१२ घेतलेल्या मातांची बालके आकलन व भाषा यांत पुढे आढळली. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ब-१२ सोबत इतर सूक्ष्म पोषकांची पूड घेतलेल्या मातांच्या बालकांत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. बालकांची संख्या अल्प असल्याने अंतिम शब्द अजून लिहावयाचा आहे. तरी सतरा वर्षांच्या मुलीचे रक्त हा तिच्या एकटीचा प्रश्न नाही, एवढे या तीन पिढ्यांच्या नोंदींनी दाखविले.

मग शाकाहार सोडावा काय? मुळीच नाही, आणि तसे सांगणाऱ्या वैद्यकाने आपल्या शास्त्राची पाने नीट उलटलेली नाहीत. मोठ्या मुलाची गरज दिवसाला दोन ते अडीच मायक्रोग्रॅमची; गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात सुमारे ०.४ मायक्रोग्रॅम ब-१२ असते. अर्धा लिटर दूध-दही नित्य पोटात गेले तर बहुतेक गरज भागते. अडचण अशी की शिकवणी वर्गांच्या वेळापत्रकात दुधाच्या पेल्याची जागा चहाच्या कपाने घेतली आहे. चहा ब-१२ देत नाही आणि जेवणालगत घेतल्यास लोहाचे शोषणही रोखतो. आयंबिल-ओळीच्या नऊ दिवसांत दूध-दही वर्ज्य असते, त्याने मुलाचे ब-१२ संपेल ही भीती निराधार आहे. यकृतातील साठा सामान्यतः वर्षानुवर्षे पुरतो. उणीव उत्पन्न होते ती वर्षानुवर्षांच्या अपुऱ्या दुधाने. उपवासात सैंधव वापरणाऱ्या घरांनी एवढे पाहावे की एरवीचे मीठ आयोडीनयुक्त असावे. थायरॉइडची मंदता हेही मुलाच्या सुस्तीचे एक कारण असते व तेही रक्तात कळते. लोहासाठी हरभरा, मटकी, तीळ, अळीव ताटात असावेत आणि सोबत लिंबू किंवा आवळा, कारण वनस्पतिजन्य लोह आंबटाच्या साथीने अधिक शोषले जाते.

ज्यांच्या अहवालात ब-१२ खरोखर कमी आहे त्यांना औषध घ्यावेच लागते. येथे अनेक श्रावक कुटुंबे अडखळतात. ब-१२ चे औषध प्राण्यांपासून काढीत नाहीत. कारखान्यात जीवाणूंच्या साहाय्याने किण्वनाने ते बनते. आक्षेपार्ह असू शकते ते कॅप्सूलचे आवरण, कारण ते बहुधा जिलेटिनचे व जिलेटिन प्राणिज असते. गोळीच्या रूपात किंवा वनस्पतिजन्य आवरणात तेच औषध मिळते. औषध विक्रेत्याकडे तशी स्पष्ट मागणी करावी. आवरणाच्या शंकेने औषधच टाळले गेल्याने नुकसान होते, ते मुलाचे.

शिबिरे भरविणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक बाबी नोंदवून ठेवाव्यात. शासकीय व अनुदानित शाळांत सहावीपासून दर आठवड्यास लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी देण्याची योजना आहे. खासगी इंग्रजी शाळांतील मुले बहुधा तिच्या कक्षेबाहेर राहतात, आणि त्या गोळीत ब-१२ नसते. फेरिटिन तापात किंवा संसर्गात खोटेच वाढलेले दिसते, म्हणून नुकत्याच आजारातून उठलेल्या मुलाची तपासणी दोन-तीन आठवडे पुढे ढकलावी. होमोसिस्टीनचा नमुना लगेच थंड करून पेशी वेगळ्या न केल्यास आकडा फुगतो. सकाळी गोंदियात काढलेले रक्त तसेच दुपारच्या गाडीने नागपूरला धाडले तर घरोघर विनाकारण घबराट पसरेल. शंभर मुलांचे केवळ हिमोग्लोबिन बोटातून मोजण्यापेक्षा चाळीस मुलांचे हिमोग्लोबिन, फेरिटिन व ब-१२ शिरेतून घेतलेल्या रक्तावर पाहणे अधिक फलदायी. अहवाल पालकांच्या हाती बंद पाकिटात द्यावा. सभागृहात नावे वाचून दाखविल्यास पुढील वर्षी मुली येणार नाहीत.

लोहाचा साठा भरून येण्यास उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन ते चार महिने लागतात. हिमोग्लोबिन आधी सुधारते आणि तेव्हाच औषध थांबविण्याची चूक पुष्कळ घरांत होते. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. दिवाळीच्या सुटीत शिबिर ठेवल्यास ते उशिराचे ठरते. पर्युषण आटोपून सप्टेंबरअखेर तपासणी झाली, तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात औषध सुरू होऊन जानेवारीत पुन्हा रक्त पाहता येते.